पत्रांनी वाचवलेलं तिसरं पर्व

चांगली चाललेली मालिका पुढे का बिघडते, हा प्रश्न आपल्याकडे रोज रात्री ताटावर बसल्या बसल्या चर्चेला येतो. पहिले काही महिने आपण हातातली कामं टाकून ती बघतो. मग हळूहळू वरणात पाणी पडायला लागतं. कोणाची स्मृती जाते, कोणाचं जुळं भावंड अचानक उगवतं, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘पूर्वीसारखी मजा राहिली नाही.’ दोष मग नटांच्या नाहीतर वाहिनीच्या माथी मारला जातो. या बिघडण्यामागे नेमकं काय काय घडतं, हे एका मालिकेबाबत अगदी तारीखवार सांगता येतं. तिचीच गोष्ट आज सांगणार आहे. मालिका अमेरिकेतली, जवळपास साठ वर्षांपूर्वीची, नाव ‘स्टार ट्रेक’. १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं, तीन पर्वं आणि एकूण ७९ भाग.

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. बी. ए. झालो, कविता करतो. ‘एंटरप्राइज’ नावाचं ते अंतराळयान प्रकाशापेक्षा वेगानं कसं जातं, हे मला विचारू नका. आमच्या पिढीला ही मालिका भेटली ती दूरदर्शनवर, १९८०च्या दशकात, रविवारी सकाळी. इंग्रजी निम्मं कळायचं नाही. अम्मी चहाचा कप घेऊन मागे उभी राहायची आणि विचारायची, ‘ये कानांवाला हसता कायकू नै?’ तो कानांवाला म्हणजे मिस्टर स्पॉक, आई पृथ्वीवरची आणि बाप परग्रहावरचा. लेनर्ड निमॉय या नटानं तो केला होता, आणि तो हसत नाही हीच त्यातली गंमत होती. मला मात्र पुढे कुतूहल वाटत राहिलं ते त्या कानांचं नव्हे, लिहिणाऱ्या हातांचं. कारण एकाच मालिकेत, तीच माणसं, तेच यान, आणि एक भाग काळजात घुसणारा तर दुसरा हसू आवरत नाही इतका पोकळ. असं का?

मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी. दुसऱ्या महायुद्धात विमानं चालवलेला, नंतर लॉस एंजलिसच्या पोलीस खात्यात नोकरी केलेला आणि ती सोडून टीव्हीसाठी लिहायला लागलेला माणूस. त्याची कल्पना उचलली ‘देसिलू’ या स्टुडिओनं. हा स्टुडिओ लुसिल बॉल या विनोदी अभिनेत्रीचा. नमुन्यादाखल केलेला पहिला भाग एनबीसी वाहिनीनं परत पाठवला. तक्रार अशी की, यात डोकं फार चालवावं लागतं. पण गंमत म्हणजे दार बंद न करता त्यांनी दुसरा नमुना मागितला, जे त्या धंद्यात सहसा होत नसे. अखेर ८ सप्टेंबर १९६६ रोजी, गुरुवारी रात्री साडेआठ वाजता, मालिका सुरू झाली.

रॉडनबेरीनं एक शहाणपणा केला. टीव्हीच्या नेहमीच्या लेखकांबरोबर त्यानं विज्ञानकथेतले नाणावलेले लेखक बोलावले. थिओडोर स्टर्जन आला, रिचर्ड मॅथसन आला, ‘सायको’ चित्रपट ज्या कादंबरीवरून निघाला तिचा लेखक रॉबर्ट ब्लॉक आला, हार्लन एलिसन आला. मुशायऱ्यात एकेका नामवंत शायराला बोलवावं तसंच हे झालं. पण मुशायऱ्यात प्रत्येकानं आपापली गझल म्हणून खाली बसायचं असतं. इथे सगळ्यांना मिळून एकच गोष्ट पुढे न्यायची होती. कप्तान कर्क एका आठवड्यात शहाणा आणि दुसऱ्या आठवड्यात बावळट दिसून चालणार नव्हतं. शिवाय एकेक भाग सहा-सात दिवसांत चित्रित करायचा. तेव्हा आलेला मजकूर कापणारा, शिवणारा, सगळ्यांना एका मापात आणणारा शिंपी हवा होता.

तो मिळाला पहिल्याच वर्षी, जीन कून याच्या रूपानं. मालिकेच्या जनकाचं आणि याचं पहिलं नाव एकच, म्हणून मी आडनावानंच बोलतो. त्याच्या जोडीला डोरोथी फोंटाना. ही मुळात रॉडनबेरीची सेक्रेटरी. लिहायची मात्र फार नेटकं, आणि बाई म्हणून कोणी संहिता बाजूला सारू नये यासाठी नाव लावायची ‘डी. सी. फोंटाना’. पुढे तीच मालिकेची कथा-संपादक झाली. पडद्यावर आपण पाहतो ते चेहरे, पण पहिल्या पर्वाचा खरा चेहरा या टेबलावर तयार झाला असं माझं मत आहे.

कूननं स्वतः लिहिलेला एक भाग सांगतो. ‘द डेव्हिल इन द डार्क’, म्हणजे अंधारातला सैतान. ९ मार्च १९६७ रोजी दाखवलेला. दूरच्या एका ग्रहावर खाण आहे. खोल बोगद्यांत काहीतरी आहे आणि ते कामगारांना मारतं आहे. खडकातून लोण्यातून सुरी जावी तसं ते जातं. कर्क आणि स्पॉक त्याला मारायला येतात. आपणही खुर्चीच्या टोकावर येऊन ‘मारा त्याला’ म्हणत असतो. मग स्पॉक त्या दगडी प्राण्याच्या मनाशी आपलं मन जोडतो आणि त्याला ऐकू येते ती फक्त वेदना. ती मादी आहे. तिच्या जातीतली ती एकटी उरली आहे आणि पुढच्या सगळ्या पिढीची अंडी सांभाळते आहे. खाणकामगारांनी दगडाचे निरुपयोगी गोळे समजून जी हजारो फोडून टाकली, ती तिची अंडी होती. शेवटी यानावरचा डॉक्टर चक्क काँक्रीट लिंपून तिची जखम भरतो; गवंडीकाम करावं लागल्याबद्दल कुरकुरतो, पण करतो. तो प्राणी म्हणजे जमिनीवर सरपटणारं रबरी जाजम होतं, हे आज कोणालाही दिसतं. त्यानं काही बिघडत नाही. पन्नास मिनिटांत प्रेक्षकाची बाजू पलटवायची, तीही एकही उपदेश न करता, हे काम लेखणीचं आहे.

कूनच्या नावावर आणखी बरंच आहे. ‘क्लिंगॉन’ ही शत्रूची जमात त्यानं पहिल्यांदा आणली. केरी विल्बरसोबत ‘स्पेस सीड’ लिहून खान नावाचा खलनायक उभा केला. या खानाचं पूर्ण नाव खान नून्येन सिंग, आणि तो उत्तर भारतातला शीख असावा असा अंदाज त्याच भागात व्यक्त होतो. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबाननं. खान आणि सिंग एकाच माणसाच्या नावात कसे नांदले, याचा हिशेब हॉलिवूडला कोणी विचारला नसावा. आमच्या मोहल्ल्यात विचारला असता.

या टेबलावर सगळं गोडीगुलाबीनं चालत होतं असं समजू नका. हार्लन एलिसननं लिहिलेला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ हा भाग अनेक जण सगळ्यांत श्रेष्ठ मानतात. कप्तान काळात मागे जाऊन १९३०च्या मंदीत पोहोचतो, गरिबांना सूप वाटणाऱ्या एका बाईवर त्याचं प्रेम जडतं, आणि तिला अपघातातून वाचवलं तर जगाचा इतिहास बिघडणार हे त्याला कळतं. एलिसनची मूळ संहिता खर्चात बसेना आणि पात्रांच्या स्वभावातही बसेना. मग ती कून, फोंटाना, रॉडनबेरी अशा अनेक हातांतून गेली. एलिसन इतका संतापला की, आपलं नाव काढून ‘कॉर्डवेनर बर्ड’ हे टोपणनाव लावा म्हणाला. रॉडनबेरीनं कसंबसं समजावलं. भाग ६ एप्रिल १९६७ला दाखवला गेला. पुढच्या वर्षी पडद्यावरच्या भागाला विज्ञानकथांचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि एलिसनच्या मूळ संहितेला लेखकांच्या संघटनेचा. म्हणजे भांडणारे दोन्ही पक्ष जिंकले! माझ्या मते यात पहिल्या पर्वाचं रहस्य आहे. त्या खोलीत भांडण्याइतकी किंमत प्रत्येकाला आपल्या ओळीची वाटत होती.

१९६७च्या सप्टेंबरात दुसरं पर्व शुक्रवारी रात्री सुरू झालं. सुरुवात दणक्यात झाली. स्टर्जनचा ‘अमोक टाइम’, फोंटानाचा स्पॉकच्या आईबापांवरचा भाग, सगळे याच पर्वातले. पण थकलेला कून मध्येच मालिका सोडून गेला. उत्तरार्धात परग्रह पृथ्वीसारखे दिसू लागले. एका ग्रहावर शिकागोचे गुंड, दुसऱ्यावर नाझी, तिसऱ्यावर रोमन. स्टुडिओच्या कपाटातले पोशाख आणि मागच्या आवारातले रस्ते आयते वापरता येत, हे त्यामागचं उघड कारण. दरम्यान लुसिल बॉलनं १९६७मध्ये देसिलू विकून टाकला. नवे मालक एकेक डॉलर मोजणारे.

त्याच हिवाळ्यात बातमी पसरली की, एनबीसी मालिका बंद करणार. आणि इथे प्रेक्षक गोष्टीत शिरले.

बीजो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या जोडप्यानं पत्रमोहीम सुरू केली. कॉम्प्युटर नाही, ई-मेल नाही. हातानं फिरवायच्या यंत्रावर छापलेली पत्रकं आणि पोस्टाची तिकिटं. त्यांची सूचना अशी की, एका कागदावर शंभर सह्या करून पाठवू नका. प्रत्येकानं आपलं पत्र आपल्या शब्दांत लिहावं आणि आणखी दहा जणांना लिहायला सांगावं. आपल्याकडे रेडिओला फर्माइशींची पोस्टकार्डं जात त्याची आठवण व्हावी असंच हे. जानेवारी १९६८मध्ये विद्यार्थ्यांनी वाहिनीच्या बरबँक इथल्या कार्यालयावर मोर्चाही नेला. वाहिनीनं स्वतः सांगितलेला पत्रांचा आकडा १ लाख १६ हजारांच्या आसपास आहे. अखेर १ मार्च १९६८च्या रात्री भाग संपल्यावर पडद्यावरून जाहीर झालं की, मालिका पुढच्या वर्षीही चालू राहील. त्या रात्री दाखवलेला भाग होता ‘द ओमेगा ग्लोरी’. परग्रहावर अमेरिकेचा झेंडा आणि अमेरिकेची राज्यघटना सापडते, असा त्याचा कळस. सगळ्या पर्वातला तो बहुधा सर्वांत कच्चा भाग, आणि लेखक खुद्द रॉडनबेरी. आनंदाच्या बातमीला इतकी वाईट प्रस्तावना क्वचितच लाभली असेल.

पत्रं लिहिणाऱ्यांना काय मिळालं? वाहिनीनं आधी सोमवारी संध्याकाळी साडेसातची वेळ कबूल केली होती. ती दुसऱ्या एका लोकप्रिय विनोदी कार्यक्रमाच्या आड येत होती. मग वेळ ठरली शुक्रवारी रात्री दहा. मालिकेचा प्रेक्षक तरुण, कॉलेजातला. तो शुक्रवारी रात्री दहाला घरी कशाला बसेल? चांगली वेळ मिळाली तर स्वतः रोजचं काम बघेन, असं रॉडनबेरीनं म्हटलं होतं. ती मिळाली नाही म्हणून त्यानं हात काढून घेतला. नामावलीत त्याचं नाव मात्र राहिलं. फोंटानानं संपादकाची खुर्ची सोडली. निर्माता म्हणून आला फ्रेड फ्रायबर्गर. पहिल्या वर्षी एका भागाला सुमारे १ लाख ९० हजार डॉलर मिळत, ते तिसऱ्या वर्षी १ लाख ८० हजारांच्या खाली आले. त्यात नटांचे पगार वाढलेले. बाहेरचं चित्रीकरण जवळपास थांबलं. गोष्टी यानाच्या त्याच खोल्यांत घुटमळू लागल्या.

२० सप्टेंबर १९६८ला तिसरं पर्व उघडलं ते ‘स्पॉक्स ब्रेन’ या भागानं. एक परकी स्त्री यानावर येते आणि स्पॉकचा मेंदू काढून घेऊन जाते. जमिनीखालचं एक नगर चालवायला तिला मेंदू हवा असतो. मग डॉक्टर स्पॉकच्या रिकाम्या देहाला यंत्र बसवून हातातल्या बटणांनी चालवतो, आणि खेळण्यातल्या मोटारीसारखा स्पॉक ठक ठक करत सगळ्यांबरोबर आपलाच मेंदू शोधायला निघतो. शेवटी शस्त्रक्रिया अर्धी झाल्यावर टेबलावर पडलेला स्पॉक स्वतःच डॉक्टरला सांगतो, आता पुढचं असं जोडा. लाखभर माणसांनी हातानं पत्रं लिहून जे वाचवलं होतं, त्याचा हा पहिला घास.

या भागाचा लेखक म्हणून नाव झळकलं ‘ली क्रोनिन’. हा ली क्रोनिन कोण? तर आपला जीन कूनच! तो आता दुसऱ्या स्टुडिओत बांधील होता, पण कबूल केलेल्या गोष्टी द्यायच्या होत्या, म्हणून टोपणनाव. खाणीतल्या त्या आईची वेदना लिहिणारा आणि बटणांवर चालणारा स्पॉक लिहिणारा हात एकच. माणूस तोच, दीड वर्षात बुद्धी कुठे गेली? माझं उत्तर असं आहे की, बुद्धी कुठेही गेली नव्हती, टेबल गेलं होतं. पूर्वी कून दुसऱ्यांचं लिखाण तासत होता. आता कूनचं लिखाण तासायला कून नव्हता.

आम्हा शायरांत तखल्लुस घेतात ते मिरवण्यासाठी. शेवटच्या शेरात आपलं नाव गुंफायचं आणि दाद घ्यायची. इथे नावं घेतली जात होती लपण्यासाठी. फोंटानानंही तिसऱ्या पर्वातल्या दोन भागांना ‘मायकेल रिचर्ड्स’ असं नाव लावलं. तिच्या संहितेचं रूप इतकं पालटलं होतं की, स्वतःचं नाव तिला नको झालं. लेखक आपल्या ओळीखाली सही करायला तयार नसेल, तर त्या वहीचं काय चाललंय हे ओळखायला समीक्षक लागत नाही.

फ्रायबर्गरवर चाहत्यांनी आयुष्यभर राग काढला. मला तो अन्याय वाटतो. वेळ त्यानं ठरवली नव्हती, पैसे त्यानं कापले नव्हते. आणि तिसरं पर्व म्हणजे सगळा भुसा, हेही खरं नाही. ‘स्पेक्टर ऑफ द गन’मध्ये अख्खं गाव उभारायला पैसे नव्हते, मग घरांच्या फक्त दर्शनी भिंती उभ्या केल्या, मागे लाल आकाश. कथेत ते गाव पात्रांच्या मनातून काढलेलं आहे, म्हणून अर्धवट. टंचाईतून असं काही हाती लागतं तेव्हा कवीला हेवा वाटतो. लेखक? तोच ली क्रोनिन. पर्वाच्या शेवटाकडे आला ‘ऑल अवर यस्टरडेज’, ज्यात हिमयुगात अडकलेला स्पॉक प्रेमात पडतो. तो लिहिला जीन लिझेट अरोस्ट हिनं. ही टीव्हीची लेखिका नव्हती, लॉस एंजलिसच्या विद्यापीठातली ग्रंथपाल होती. बाहेरून कोणी न मागता पाठवलेलं वाचायला त्या पडत्या काळातही कोणीतरी होतं.

याच घराण्यात अगदी उलटा प्रवासही झाला आहे, तोही थोडक्यात सांगतो. १९८७मध्ये ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही नवी मालिका निघाली. रंगरूप झकास, पण पहिली दोन पर्वं पांगळी. नायकमंडळींनी आपसांत भांडायचं नाही, हा रॉडनबेरीचा दंडक. ज्या खोलीतल्या भांडणांवर जुनी मालिका उभी राहिली, त्याच माणसानं नव्या मालिकेतून भांडणच हद्दपार केलं! लेखक येत आणि कंटाळून जात. फोंटानाही आली आणि गेली. १९८८मध्ये लेखकांचा पाच महिन्यांचा संप झाला, तेव्हा दहा वर्षं जुनी, न वापरलेली संहिता फडताळातून काढून दुसरं पर्व सुरू करावं लागलं. त्याचा शेवट जुनी दृश्यं चिकटवून केलेल्या भागानं झाला. तरी त्याच पडक्या पर्वात वकिली शिकलेल्या मेलिंडा स्नॉडग्रासचा ‘द मेझर ऑफ अ मॅन’ आहे. यंत्रमानव ही कोणाची मालमत्ता की स्वतंत्र व्यक्ती, याचा खटला. १९८९मध्ये मायकेल पिलर लेखकांचा प्रमुख झाला. त्यानं ठरवलं की, कोणीही संहिता पाठवावी, आम्ही वाचू. रोनाल्ड मूर नावाच्या तरुणानं सेट बघायला गेल्यावर दिलेली संहिता त्या ढिगात होती. ती चित्रित झाली आणि मूर तिथेच रुजला. तिसऱ्या पर्वापासून मालिका जी उठली ती १९९४पर्यंत सात वर्षं चालली. जुन्या मालिकेचं तिसरं पर्व म्हणजे उतार आणि नवीचं तिसरं म्हणजे चढ.

आता परत १९६९मध्ये जाऊ. वाहिनीनं मालिका बंद केली. शेवटचा भाग मार्चमध्ये दाखवायचा होता, पण माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं निधन झालं आणि तो लांबला. दाखवला गेला ३ जून १९६९ला. सात आठवड्यांनी माणूस चंद्रावर उतरला. त्या वेळी आकाशाकडे बघणाऱ्या जगाला आकाशातली ही मालिका नको झाली होती.

पण अमेरिकेत स्थानिक केंद्रं जुन्या मालिका विकत घेऊन रोज दाखवत. त्यासाठी पुरेसे भाग लागतात. इथे जरा हिशेब करू. पहिल्या पर्वाचे २९ आणि दुसऱ्याचे २६, मिळून ५५ भाग. सोमवार ते शुक्रवार रोज एक दाखवला तर ११ आठवड्यांत खेळ खलास. तिसऱ्या पर्वाचे २४ मिळवले की ७९ होतात आणि जवळपास १६ आठवडे निघतात. म्हणजे चार महिन्यांनी फिरून पहिल्यापासून सुरू करायला हरकत नाही. ५५ भागांची मालिका केंद्रांनी अशी रोजच्या रोज लावली असती, हे कठीणच. ज्याला सगळ्यांनी नावं ठेवली त्या पर्वानं पहिल्या दोघांचं आयुष्य वाढवलं. गझलेत दोन चांगल्या शेरांसाठी तीन भरतीचे शेर सोसावे लागतात; पाच झाल्याशिवाय तिला गझल म्हणत नाहीत. तसंच काहीसं.

संध्याकाळच्या वेळी, मुलं शाळा-कॉलेजातून घरी आल्यावर, मालिका रोज लागू लागली. १९७२च्या जानेवारीत न्यूयॉर्कला चाहत्यांचं संमेलन भरलं. काही शेकडा लोक येतील असा अंदाज होता, तीन हजारांवर आले. १९७६मध्ये अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला ‘एंटरप्राइज’ नाव मिळालं, तेही चाहत्यांनी राष्ट्राध्यक्षांना लिहिलेल्या पत्रांमुळे. १९७९मध्ये पहिला चित्रपट आला. १९८२चा दुसरा चित्रपट, जो बहुतेक चाहते सर्वोत्तम मानतात, उभा आहे कूनच्या त्या खानावर.

ते पाहायला कून नव्हता. तो जुलै १९७३मध्ये गेला. मालिका तेव्हा गावोगावच्या केंद्रांवर पुन्हा पुन्हा लागत होती, आणि एखाद्या आठवड्यात ‘द डेव्हिल इन द डार्क’ आणि ‘स्पॉक्स ब्रेन’ हे दोन्ही भाग आले, तर एकावर त्याचं नाव येई आणि दुसऱ्यावर ली क्रोनिनचं.